उत्तम शुक्रवारची ड्यूटी

खिदिरपूरच्या आमच्या घरात भिंतीवर एकच मराठी वस्तू होती, ती म्हणजे कालनिर्णय. दर डिसेंबरात नागपूरहून कुणी ना कुणी ते घेऊन येई. ह्यांची नोकरी दक्षिण-पूर्व रेल्वेच्या गार्डन रीचमधल्या मुख्य कचेरीत. नागपूर विभाग तेव्हा त्याच रेल्वेत होता, त्यामुळे आमच्यासारखी बदलीवाली मंडळी कलकत्त्याला येतच असत. क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून खिदिरपूरला भाड्याची जागा घेतली आणि तिथेच चार वर्षं गेली. एका अंगाला गोदी, दुसऱ्या अंगाला फॅन्सी मार्केट. पहाटे अजान, तिन्हीसांजेला घरोघरचे शंख, रविवारी चर्चची घंटा आणि मध्येच एखाद्या जहाजाचा भोंगा. मैदानातून डुलत येणारी ट्राम होती. कलकत्त्यातली पहिली विजेची ट्राम १९०२ साली धर्मतळ्याहून आमच्या खिदिरपूरलाच आली, हे तिथला पानवालासुद्धा ऐकवायचा.

हे सगळं आज आठवण्याचं कारण नाशिकच्या एका वाचक भगिनीचं पत्र. त्यांच्या मुलाने ख्रिस्ती मुलीशी लग्न केलंय. सून गुणी आहे, सासूला जीव लावते. पण यंदा गुड फ्रायडेला ती नेहमीसारखी डबा घेऊन कामाला गेली, तिच्या परदेशी कंपनीत त्या दिवशी सुट्टी नव्हती. शेजारच्या ख्रिस्ती बाई म्हणाल्या, "ही कसली ख्रिश्चन!" आता सासूबाईंना प्रश्न पडलाय, "आमच्यात एकादशी ज्याची त्याने करावी. त्यांच्यात सक्ती असते का हो? मी तिला 'जाऊ नकोस' म्हणायला हवं होतं का?"

सक्ती असते का, हाच प्रश्न आमच्या खिदिरपूरच्या जिन्यावर १९८८ साली आठवडाभर गाजला होता.

आमच्या वरच्या मजल्यावर गोव्याच्या आंटी राहत. यजमान बोटीवर, वर्षातून दोनदा घरी. आंटी कॅथलिक, अतिशय देवभोळ्या आणि तोंडाने फटकळ. समोरच्या बाजूला होती मिरजेची सिस्टर. मूळची नगर जिल्ह्यातली, पण नर्सिंग मिरजेच्या मिशन इस्पितळात शिकलेली, म्हणून सगळे तिला मिरजेची म्हणत. तिचा नवराही रेल्वेत. ती प्रॉटेस्टंट. कलकत्त्यातल्या एका खासगी इस्पितळात तिला हंगामी नोकरी लागली होती, वर्षभराने कायम करू असं तोंडी आश्वासन होतं. तोंडी आश्वासनाचं काय असतं, ते तुम्ही जाणताच.

मार्चच्या अखेरीस तिच्या सासूबाई गावाहून आल्या. आम्ही त्यांना आजी म्हणायचो. आल्या दिवशीच त्या आमच्याकडे आल्या आणि थेट कालनिर्णयापुढे उभ्या राहिल्या. पान उलटून त्यांनी बोट ठेवलं. "एक एप्रिल. उत्तम शुक्रवार. आन् लगीच दोन तारखेला हनुमान जयंती." मराठी प्रॉटेस्टंट मंडळी गुड फ्रायडेला उत्तम शुक्रवार म्हणतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. आणि ही जवळीक नुसता योगायोग नव्हता. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, आणि त्याच्या आदला शुक्रवार तो गुड फ्रायडे. म्हणजे हा सण चंद्रावर चालतो. म्हणूनच दर वर्षी त्याची तारीख बदलते आणि बहुतेकदा चैत्री पौर्णिमेच्या आसपास तो घुटमळतो.

त्याच संध्याकाळी सिस्टर रडवेली होऊन आली. इस्पितळात निम्म्याहून जास्त नर्स ख्रिस्ती, बहुतेक केरळच्या. सगळ्यांना सुट्टी दिली तर वॉर्ड ओस पडणार. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्यांना शुक्रवारी सुट्टी, निम्म्यांना ईस्टरच्या रविवारी. हिच्या वाट्याला शुक्रवारची दुपारची पाळी आली, दोन ते नऊ. आणि चर्चमधली तीन तासांची उपासना, ज्यात येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं होतात, ती बारा ते तीन.

"आत्याबाई म्हणतात, नोकरी सोड. हे म्हणतात, तू बघ. आणि वरच्या आंटी म्हणतात, पातक लागेल. वहिनी, मी काय करू?"

मी काय सांगणार! एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी आणि बटाट्याचा कीस असा उपास करणारी मी बाई. कुठल्या तोंडाने धर्मशास्त्र सांगू?

मार्ग काढला तो आंटींनीच. "चल, माझ्या फादरकडे. तोच सांगेल तुला." सिस्टरचा पंथ वेगळा, चर्च वेगळं, पण आंटींना त्याचं काही नव्हतं. सोबत म्हणून मीही गेले. फादर वयस्कर, कानाने अधू. सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "आमच्या चर्चचे जे सक्तीचे दिवस आहेत ना, त्यांत गुड फ्रायडे नाहीच."

आंटींचा चेहरा मला अजून आठवतो.

पण फादर बरोबर सांगत होते. कॅथलिक धर्मकायद्यात मिस्साला गेलंच पाहिजे असा पहिला दिवस म्हणजे प्रत्येक रविवार. त्याशिवाय वर्षात दहा सण नेमून दिलेले आहेत. त्यांत नाताळ आहे, १५ ऑगस्टचा मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण आहे, १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस आहे. त्या त्या देशातल्या बिशपांना रोमच्या मंजुरीने यांतले काही कमी करता येतात किंवा जवळच्या रविवारी ढकलता येतात. एके काळी ही यादी भली मोठी होती. १६४२ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी ती आवळली, तरी रविवार सोडून तीसहून जास्त दिवस उरले. १९११ मध्ये पोप दहावे पायस यांनी ते आठावर आणले, १९१७ च्या धर्मकायद्यात पुन्हा दहा झाले. रोजंदारीवर पोट असलेल्या माणसाला इतके दिवस काम बंद ठेवणं परवडणार कसं? आणि गुड फ्रायडेला तर मिस्सा होतच नाही. उपासना असते, क्रुसाला वंदन असतं, उपास आणि मांसवर्ज्य हे मात्र बंधनकारक. पण चर्चमध्ये हजर राहण्याची कायद्याने सक्ती नाही. लोक येतात ते आपणहून, आणि नाताळाइतकेच येतात.

"आणि आजाऱ्याची सेवा असेल," फादर सिस्टरला म्हणाले, "तर रविवारचीसुद्धा सक्ती सुटते. तान्हं मूल असलेल्या आईलाही सुटते. तू निर्धास्त जा."

परतताना आंटी ट्रामच्या थांब्यापर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हा फादर नवीन आहे, बाय. त्याला कळत नाही." फादर सत्तरीचे होते.

सिस्टरचं समाधान मात्र झालं नव्हतं. "ते कॅथलिकांचं झालं, वहिनी. आमचं काय?"

त्यांचं म्हणजे प्रॉटेस्टंटांचं उत्तर अधिकच गमतीचं आहे. ते मला नंतर वाचनात सापडलं. बायबलमध्ये नाताळाची तारीख दिलेली नाही. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये चौथ्या शतकात नोंदलेला आढळतो. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात या वादाला हातच घातलाय. कुणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, ज्याने त्याने आपल्या मनाशी पक्कं करावं आणि दुसऱ्याचा न्याय करू नये, असा त्याचा रोख आहे. कलस्सैकरांच्या पत्रातही सण, अमावास्या, शब्बाथ यांवरून कुणी तुम्हाला दोषी ठरवू नये, असं तो सांगतो. गलतीकरांवर तर तो चिडलेलाच दिसतो, दिवस आणि महिने काय पाळत बसलात म्हणून.

यातून काही पंथांनी टोकाचा अर्थ काढला. बायबलात नाही ना, मग नाताळ पाळायचाच नाही! १६४७ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ, ईस्टर वगैरे सण रद्द केले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ पासून नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तो कायदा १६८१ मध्ये गेला, पण नाताळाची सरकारी सुट्टी तिथे मिळायला १८५६ साल उजाडलं. स्कॉटलंडमध्ये तर १९५८. सण पाळण्याची सक्ती आपण ऐकलेली असते, इथे न पाळण्याची सक्ती!

आता याचा आपल्याशी संबंध बघा. याच मॅसॅच्युसेट्समधल्या मंडळाने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन तरुण मिशनरी १८१२ मध्ये हुगळीतून कलकत्त्याला आले. म्हणजे खिदिरपूरच्या किनाऱ्यावरूनच त्यांचं जहाज गेलं असणार. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना परत जायचा हुकूम दिला. ते निसटले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. तिथून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. पुढे त्याचं मोठं केंद्र अहमदनगर झालं, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये त्याच मिशनमध्ये झाला. आणि ज्यांच्या वाडवडिलांनी नाताळाला दंड ठोकला, त्यांच्या नगरकर शिष्यांच्या घरी आज नाताळाला करंज्या, लाडू आणि चकल्या होतात! सण माणसं घडवतात, पाद्री फक्त तारीख सांगतो, असं मला अनेकदा वाटलंय.

कलकत्त्यात तर तारखेचंही एकमत नाही. बडाबाजारजवळच्या आर्मेनियन चर्चमध्ये, जे १७२४ मधलं आहे, नाताळ ६ जानेवारीला असतो. बंगाली माणूस नाताळाला 'बडदिन' म्हणतो आणि धर्म कुठलाही असो, न्यू मार्केटात एका ज्यू कुटुंबाच्या बेकरीपुढे केकसाठी रांग लावतो. आणि पुणेकरांना औंध रस्त्यावरचं स्पायसर ठाऊक असेल. ते अ‍ॅडव्हेंटिस्ट, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत त्यांचा पवित्र दिवस. त्यांच्या मते बाकीच्यांचा वारच चुकलाय!

असो. सिस्टरसाठी मला जी गोष्ट उपयोगी पडली, ती श्रीरामपूरची. आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीकाठचं. हावड्याहून लोकलने तासाभराच्या आत पोचता येतं. आम्ही मराठी मंडळी तिथे गेलो होतो ते विल्यम कॅरीसाठी. या बाप्टिस्ट मिशनऱ्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवायचा, मदतीला वैजनाथ पंडित होते. बाप्टिस्ट सणांचं स्तोम माजवत नाहीत, पण रविवार मात्र कडक. कॅरीने उभ्या हयातीत रविवारचं प्रवचन सहसा चुकवलं नव्हतं.

४ डिसेंबर १८२९ ला लॉर्ड बेंटिंकने सतीबंदीचा कायदा केला. तो शुक्रवार होता. कायद्याचा बंगाली अनुवाद करायचं काम सरकारी अनुवादक म्हणून कॅरीकडे आलं, आणि कागद हातात पडला तो रविवारी सकाळी, प्रार्थनेला निघायच्या वेळी. त्याच्या चरित्रकारांनी सांगितलंय की त्याने अंगातला काळा कोट काढून टाकला, प्रवचनाला दुसऱ्याला पाठवलं आणि पंडिताला घेऊन बसला. एका दिवसाचा उशीर म्हणजे कुठे तरी एखादी बाई चितेवर. संध्याकाळपर्यंत अनुवाद पुरा झाला. येशूनेही शब्बाथाच्या दिवशी वाळल्या हाताचा माणूस बरा केला होता आणि टीका करणाऱ्यांना विचारलं होतं, तुमचं मेंढरू खड्ड्यात पडलं तर शब्बाथ आहे म्हणून बाहेर काढणार नाही का?

ही गोष्ट मी गुरुवारी दुपारी मोठ्या उत्साहाने आजींना सांगितली. मला वाटलं, झालं, आता त्या विरघळतील. आजी निवडत होत्या ते तांदूळ बाजूला ठेवून म्हणाल्या,

"साहेबाचं बरोबर हाय, बाई. पन साहेबाला रविवार होता, म्हणून त्यानं तो सोडला. माझ्या आज्याला वारच न्हवता. पाटलाचा निरोप आला की उठायचं. रात न्हाई, दिस न्हाई, दुखणं न्हाई, मर्तिक न्हाई. गावकीची कामं. मंग तो ख्रिस्ती झाला. पाद्र्यानं सांगितलं, रविवारी येनार न्हाई म्हनून सांग. त्यानं जाऊन सांगितलं. मार खाल्ला. पन जल्मात पहिल्यांदा 'न्हाई' म्हनला तो. रविवार आन् नाताळ आन् उत्तम शुक्रवार, ह्ये तीन आमचे. बाकी समदे दिस दुसऱ्याचे. आन् ही पोर म्हनती, मॅडमनी चिठ्ठी काढली!"

मी गप्प बसले. आम्ही दोघी धर्मात काय सांगितलंय आणि काय नाही, याचा काथ्याकूट करत होतो आणि आजी वेगळंच काही बोलत होत्या. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली १८९० मध्ये. नारायण मेघाजी लोखंड्यांनी त्यासाठी सहा वर्षं झगडा केला, आणि आपल्या माणसांना पटावं म्हणून रविवार हा खंडोबाचा वार आहे असंही सांगितलं. रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहाने ३२१ मध्ये रविवारची सुट्टी जाहीर केली, तीत शेतकऱ्याला वगळलं होतं, कारण पेरणीची वेळ टळली तर टळली. म्हणजे शेवटी राबणाऱ्याला सुट्टी सर्वांत शेवटी. आजीच्या आज्याला ती मिळाली, ती मार खाऊन.

म्हणून त्या नाशिकच्या भगिनींना मी एवढंच लिहिलं, की सून पापी वगैरे काही नाही. तिच्या धर्मात गुड फ्रायडेला कामावर जाऊ नये असा सार्वत्रिक कायदा नाही. कॅथलिक असेल तर उपासाचं आणि रविवारचं तेवढं बघावं, प्रॉटेस्टंट असेल तर तिच्या मनावर आणि तिच्या मंडळीच्या रिवाजावर. तिला "जाऊ नकोस" म्हणायचं काम तुमचं नाही, आणि शेजारणीचंही नाही. पण एकदा विचारून बघा, तिला सुट्टी हवी होती आणि मागायला संकोचली, असं तर नाही ना? कारण तेही होतं. २०१५ मध्ये मुख्य न्यायमूर्तींची परिषद गुड फ्रायडेला भरवली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी उघड नाराजी कळवली. परिषद व्हायची ती झालीच. पण सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना निदान पत्र लिहिता आलं. हंगामी नोकरीतली मुलगी कुणाला लिहिणार?

तर १ एप्रिल १९८८. आमची सिस्टर सकाळपासून उपाशी होती. बारा वाजता सासूसुना चर्चला गेल्या. उपासना इंग्रजीत, आजींना शब्द कळत नव्हता, त्या आपलं मराठी बायबल मांडीवर उघडून बसल्या. सव्वा वाजता तिसरा उद्गार संपला तसा सिस्टरने आजींच्या हाताला हात लावला आणि ती उठली. आजींनी मान वर केली नाही. हे मला तिनेच नंतर सांगितलं. मागच्या दाराजवळ गोव्याच्या आंटी उभ्या होत्या! स्वतःच्या चर्चमधली उपासना तिनाला होती, तोवर आजींना सोबत म्हणून त्या या 'परक्या' चर्चमध्ये येऊन थांबल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणाल्या.

त्या रात्री ट्राम उशिरा आली. साडेदहा झाले तरी सिस्टर नाही म्हणून आम्ही सगळे जिन्यात. आजी एका पायरीवर पदर घेऊन बसलेल्या, आंटींच्या हातात झाकलेलं पेजेचं भांडं. सिस्टर आली, पांढरा गणवेश चुरगळलेला. कुणाशी न बोलता ती आजींच्या शेजारी पायरीवर टेकली. एक म्हातारा गोदी कामगार होता वॉर्डात, तिने सांगितलं, नातेवाईक कुणी नाही, संध्याकाळपासून तिचाच हात धरून होता.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आंटींच्या हातातलं भांडं त्यांनी घेतलं, झाकण काढलं आणि विचारलं,

"सुटला का धरलाय अजून?"

"धरलाय," सिस्टर म्हणाली. "पहाटेपर्यंत काढेल."

"कोन हाय आता त्याच्याजवळ?"

"रात्रपाळीची मुलगी आहे. कोट्टायमची."

"तिची पन चिठ्ठीच असंल," आजी म्हणाल्या आणि पेजेत मीठ आहे का, ते त्यांनी चाखून पाहिलं.